पॅकेज केलेल्या ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात : नेटिव्ह लायब्ररी सोबत द्यायच्या कशा?

गारवेल (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. शाळांसाठी प्रमाणपत्रं छापायचं एक छोटं डेस्कटॉप ॲप लिहिलं आहे. एक्सेलमधून मुलांची नावं उचलायची, प्रमाणपत्राच्या चित्रावर देवनागरीत उमटवायची आणि पीडीएफ काढायची, एवढंच काम. पायथनमध्ये लिहिलंय, चित्रासाठी पिलो ही पायथनची चित्र-लायब्ररी वापरलीय, आणि शेवटी पायइन्स्टॉलरने सगळं गुंडाळून एकच ईएक्सई केली आहे.

माझ्या लॅपटॉपवर छपाई एकदम स्वच्छ येते. शाळेच्या ऑफिसातल्या मशीनवरही ॲप उघडतं, छापतं, एरर एकही नाही, पण नावं मोडलेली. 'क्षितिज'मधला क्ष फुटून पाय मोडका क आणि शेजारी सुटा ष, वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे. फॉन्ट तोच आहे, ॲपच्या आतच दिलाय. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, हे पालकांच्या हातात कसं देऊ?" त्यांचं बरोबरच आहे. मुलाचं नाव चुकीचं छापण्यापेक्षा ॲप बंद पडलेलं परवडलं.

तर प्रश्न दोन. फॉन्ट नाही, तर मग राहिलं काय? आणि एकूणच, सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या या आतल्या लायब्ररी तुम्ही ॲपच्या पोटात घालून देता, की समोरच्या मशीनवर असतीलच असं धरून चालता?

टंकलेखक
वाचतोय. एका पतसंस्थेच्या पावत्यांवर हाच प्रकार पाहिलाय.

कळफलक
व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टच्या रनटाइम लायब्ररींचं पॅकेज) त्या मशीनवर आहे का ते आधी बघा. आपल्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ असतो, त्यामुळे व्हीसीरनटाइम१४० आणि एमएसव्हीसीपी१४० या डीएलएल (विंडोजवरच्या लायब्ररी फाइली) आपोआप सापडतात. नव्या मशीनवर त्या नसतात आणि एरर १२६ येते, 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'. या एररची खोड अशी की ज्या डीएलएलचं नाव दिसतं ती जागेवरच असते. गहाळ असते ती तिला लागणारी दुसरीच, आणि तिचं नाव विंडोज सांगत नाही. त्यासाठी 'डंपबिन' डिपेंडंट्स पर्याय देऊन चालवा किंवा 'डिपेंडन्सीज' नावाचं टूल वापरा. जुना डिपेंडन्सी वॉकर नको. नव्या विंडोजवर तो गहाळ नसलेल्याच फाइली गहाळ दाखवत बसतो.

रानजाई
कळफलक, माहिती चांगली आहे, पण त्यांना एररच येत नाहीये. रनटाइम नसता तर ॲप उघडलंच नसतं.

गारवेलताई, एक सांगा. सगळीच नावं मोडतात की काहीच? सागर, कमल, मोहन कसे येतात?

गारवेल
सागर, कमल, मोहन अगदी ठीक! किरण, प्रज्ञा, ऋत्विक, क्षितिज मोडतात. हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

रानजाई
मग फॉन्ट निर्दोष आहे. कसं ते सांगते.

युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर वेलांटी आधी दाखवायची असते. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं, आणि त्यांच्या जागी फॉन्टमधला एकच आकार निवडायचा असतो. ही उलटापालट करणारी जी लायब्ररी, तिला शेपिंग इंजिन म्हणतात. पिलोमध्ये हे काम राक्म करते, राक्म आतून हार्फबझला विचारते, आणि मजकुराची दिशा ठरवायला फ्रिबिडी घेते. शेपिंग झालंच नाही तर अक्षरं साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक मांडली जातात. 'सागर'मध्ये जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. 'किरण' बिघडतो.

आता मुद्द्याचं. पिलोच्या व्हील्समध्ये (तयार बांधलेल्या पायथन पॅकेजमध्ये) ८.२ आवृत्तीपासून राक्म आतच येते. फ्रिबिडी मात्र आत नसते. ॲप चालू असताना पिलो तिला मशीनवर शोधते. विंडोजवर 'फ्रिबिडी', 'फ्रिबिडी-०' किंवा 'लिबफ्रिबिडी-०' यापैकी कुठल्याही नावाची डीएलएल सापडली तर राक्म चालू. नाही सापडली तर तक्रार न करता साधी मांडणी. तुमच्या लॅपटॉपवर एमएसवायएस२, जीटीके असं एखादं डेव्हलपरचं साधन असणार आणि त्याचं फोल्डर पाथमध्ये, म्हणजे विंडोज जिथे लायब्ररी शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, असणार. शाळेच्या मशीनवर ते कुठून येणार?

तपासायला सोपं आहे. पिलोच्या 'फीचर्स' मॉड्यूलमधल्या 'चेक'ला 'राक्म' असं विचारा आणि उत्तर लॉगमध्ये लिहा. हे पॅकेज केलेल्या ईएक्सईमधून, शाळेच्याच मशीनवर करा. माझ्या मते फॉल्स येईल.

सांजपाखरू
रानजाई _/\_. माझं नाव ज्ञानेश्वरी. रेशनकार्डापासून बस पासापर्यंत मी किती प्रकारे फुटले आहे ते मलाच माहीत. आज कळलं की गुन्हेगार कोण.

कळफलक
मान गये. पण मग पायइन्स्टॉलरला ही डीएलएल का दिसली नाही? तो तर डिपेंडन्सी स्वतःच शोधतो ना?

रानजाई
तो प्रत्येक बायनरीची (यंत्रभाषेतल्या फाइलची) इम्पोर्ट यादी वाचतो. जी डीएलएल त्या यादीत आहे ती उचलतो. पिलो फ्रिबिडीला 'लोडलायब्ररी' करून ऐनवेळी बोलावते, त्यामुळे यादीत तिचं नावच नाही. 'सीटाइप्स'मधून (पायथनमधून सी लायब्ररी बोलवायची सोय) नाव जुळवून लोड केलेल्या लायब्ररी, प्लगइन म्हणून येणाऱ्या, क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीचा प्लॅटफॉर्म प्लगइन, हे सगळं याच जातीतलं. प्रसिद्ध पॅकेजेससाठी पायइन्स्टॉलरकडे हुक्स, म्हणजे काय सोबत घ्यायचं त्याच्या तयार सूचना, असतात म्हणून आपल्याला जाणवत नाही. बाकीच्यांची नावं आपणच सांगायची.

बारव
एक भाबडा प्रश्न. डेस्कटॉप कशाला? वेबवर टाका. सर्व्हरवर एकदा नीट बसवलं की शाळेला फक्त ब्राउझर लागेल. हा डीएलएलचा जाचच नको.

गारवेल
बारव, विचार केला होता. पण निम्म्या शाळांत नेटचा भरवसा नाही, आणि मुलांची नावं, जन्मतारखा आमच्या सर्व्हरवर चढवायला मुख्याध्यापक तयार नाहीत. मलाही ते पटतं. तो डेटा शाळेतच राहावा.

बारव
जन्मतारखांचा मुद्दा मान्य. माघार.

उंबरठा
विषयांतर होईल, पण श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये हा प्रश्न नव्हता. तिथे जोडाक्षराचे तुकडे फॉन्टमध्येच असायचे आणि वेलांटी टायपिस्ट स्वतः आधी टाइप करायचा. शेपिंग माणूसच करायचा म्हणा ना. आमच्याकडे डीटीपीवाले अजून त्यावरच काम करतात, आणि छापून येतं ते सुरेख येतं. तसा फॉन्ट नाही का चालणार?

रानजाई
उंबरठाकाका, एक्सेलमधली नावं युनिकोडमध्ये आहेत. ती आधी त्या फॉन्टच्या सांकेतिकीत बदलावी लागतील, आणि त्या बदलात 'ऱ्या', 'र्‍ह' अशी अक्षरं हमखास अडकतात. एक लायब्ररी टाळायला तेवढा खटाटोप नको.

चकमक
मी यापुढचं सांगतो. सगळं स्टॅटिक लिंक करा, म्हणजे लायब्ररी ॲपच्या बायनरीतच मिसळून टाका. एकच बायनरी, बाहेरचं काही लागतच नाही. डीएलएल, एसओ, डायलिब (विंडोज, लिनक्स, मॅकवरच्या लायब्ररी फाइली) ही सगळी नाटकं बंद. गो आणि रस्टवाले तेच करतात आणि सुखी आहेत.

घाटमाथा
चकमक, तीन अडचणी.

पहिली, परवाना. फ्रिबिडी एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. क्यूटीचे बहुतेक भाग आणि एफएफएमपेग ही व्हिडिओची लायब्ररीही त्याच घरातली. एलजीपीएलचा आग्रह असा की वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून स्वतःची घालता आली पाहिजे. वेगळी डीएलएल ठेवली की हे सहज साधतं. स्टॅटिक केलंत तर तुमच्या ऑब्जेक्ट फाइली (लिंक करण्याआधीच्या, कंपाइल केलेल्या) तरी द्याव्या लागतात, म्हणजे तो पुन्हा लिंक करू शकेल. शिवाय एफएफएमपेग 'एनेबल-जीपीएल' देऊन बांधलेला असेल, उदाहरणार्थ एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरसाठी, तर गोष्ट सरळ जीपीएल या जास्त कडक परवान्यावर जाते. नेटवरून मिळालेली तयार बायनरी उचलण्याआधी ती कशी बांधली ते बघा.

दुसरी, पायथन. तुमची एक्सटेन्शन मॉड्यूल्स (सीमध्ये लिहिलेले भाग) मुळातच वेगळ्या डीएलएल असतात. ती स्टॅटिक करायची म्हणजे पायथनच नव्याने बांधायचा.

तिसरी, लिनक्स. जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, स्टॅटिक करायची नसते आणि ॲपसोबत द्यायचीही नसते. तिथला नियम उलटा आहे : बिल्ड जुन्यात जुन्या डिस्ट्रोवर (उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीवर) करायचा. उबुंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ वर २.३१. नव्यावर बांधलं की जुन्यावर 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' म्हणून ॲप दारातच अडतं. पायथनची मेनीलिनक्स व्हील्स याच कारणाने जुन्या प्रणालीवर बांधतात. मेनीलिनक्स२०१४ चा पाया सेंटओएस ७ होता. लिबजीएलही बांधून देऊ नका, ती समोरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी जुळलेली असते. ॲपइमेजवाल्यांनी (लिनक्सचं ॲप एकाच फाइलीत देण्याची पद्धत) अशा 'सोबत न द्यायच्या' लायब्ररींची यादीच ठेवली आहे, ती जरूर वाचा.

चकमक
परवान्याचं माहीत होतं, ऑब्जेक्ट फाइलींचं नव्हतं. पण सगळं सोबत देण्याच्या बाजूने मी अजूनही आहे, स्टॅटिक नाही तर डीएलएल म्हणून. समोरच्याच्या मशीनवर भरवसा ठेवणं म्हणजे सपोर्टचे फोन.

शेवंती
चकमक, दुसरी बाजूही लक्षात घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रांच्या लायब्ररीत सीव्हीई-२०२३-४८६३ या क्रमांकाचा सुरक्षा-दोष सापडला. विशिष्ट प्रकारे बनवलेलं वेबपी चित्र उघडलं की बफर ओलांडून मेमरीत लिहिलं जात होतं, आणि त्याचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापर होत होता. क्रोम आणि फायरफॉक्सचे अपडेट लगेच आले. पण लिबवेबपी पोटात घेतलेली इलेक्ट्रॉन ॲप्स (वेब तंत्राने बनवलेली डेस्कटॉप ॲप्स) किती होती! प्रत्येकाला नवा बिल्ड काढून लोकांपर्यंत पोचवावा लागला. लिनक्सवर जी ॲप्स सिस्टिमची लायब्ररी वापरत होती, त्यांना डिस्ट्रोच्या एका अपडेटने संरक्षण मिळालं.

आणि गारवेल, हे तुमच्या अगदी जवळचं आहे. पिलोच्या व्हीलमध्येही लिबवेबपी असते. त्यांनी त्याच महिन्यात १०.०.१ काढून आतली लिबवेबपी १.३.२ वर नेली. त्याआधीची पिलो गुंडाळून कुणी ईएक्सई वाटली असेल, तर त्या शाळेत ती जुनी लिबवेबपी आजही तशीच आहे. विंडोज अपडेट तिला हात लावत नाही.

म्हणून माझं म्हणणं : पोटात घ्या, पण काय काय घेतलंय आणि कुठल्या आवृत्तीचं, याची यादी प्रत्येक बिल्डसोबत ठेवा. शाळेला नवी आवृत्ती कशी पोचणार तेही आधीच ठरवा. लायब्ररी सोबत दिली की तिची जबाबदारी आपली.

टंकलेखक
+१. यादी ठेवायची गोष्ट कुणी कधी सांगतच नाही.

पश्चिमवारा
मॅकचा अनुभव लिहितो. इथे जर्मनीत आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी असंच एक साधन केलं होतं, आणि मंडळातले निम्मे लोक मॅकवाले.

होमब्रू या मॅकच्या पॅकेज मॅनेजरने बसवलेली लायब्ररी लिंक केली की तिचा पूर्ण पत्ता बायनरीत कोरला जातो. ॲपल सिलिकॉनवर '/ऑप्ट/होमब्रू', इंटेलवर '/यूएसआर/लोकल'. समोरच्याकडे होमब्रूच नाही, मग 'लायब्ररी नॉट लोडेड'. 'ओटूल -एल' चालवलं की कोरलेले पत्ते दिसतात. लायब्ररी ॲपच्या 'कंटेंट्स/फ्रेमवर्क्स'मध्ये ठेवायची आणि 'इन्स्टॉल-नेम-टूल'ने पत्ता '@आरपाथ' किंवा '@लोडर_पाथ'वर फिरवायचा. लायब्ररीच्या लायब्ररीसाठीही तेच.

इथे लोक अडकतात ते पुढे. पत्ता बदलला की डिजिटल सही मोडते, कारण फाइलच बदलली. ॲपल सिलिकॉनवर सही नसलेला कोड चालतच नाही, प्रोसेस जागीच मारली जाते. म्हणून क्रम असा : आधी सगळे पत्ते नीट करा, मग आतल्या लायब्ररींवर सह्या, शेवटी बाहेरच्या ॲपवर. 'डीप' पर्याय देऊन एका फटक्यात सही करायचा मोह होतो, पण ॲपलच तसं करू नका म्हणते. त्यानंतर नोटरायझेशन, म्हणजे ॲपलकडून ॲप तपासून घेणं; मॅकओएस कॅटलिनापासून त्याशिवाय गेटकीपर हा मॅकचा पहारेकरी ॲप अडवतो. हे एका स्क्रिप्टमध्ये बसवा. हाताने करू नका.

बारव
हे वाचून वेबची आठवण पुन्हा दाटून आली :)

सांजपाखरू
बारव, थोडं थांबा, गारवेलताईंचा निकाल यायचाय.

कळफलक
इलेक्ट्रॉनवाल्यांसाठी एवढंच : नेटिव्ह '.नोड' मॉड्यूल्स इलेक्ट्रॉनच्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधा, नाहीतर नोड मॉड्यूल व्हर्जन जुळत नाही. आणि ती 'असार अनपॅक'मध्ये टाका. असार ही एक संग्रह फाइल आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला लायब्ररी लोड करायला डिस्कवरची खरी फाइल लागते.

शेवंती
जावामध्येही तेच. जार या संग्रह फाइलमधली लायब्ररी आधी टेंप फोल्डरमध्ये उतरवावी लागते आणि मग लोड करावी लागते. सीक्वलाइट डेटाबेसचा जेडीबीसी ड्रायव्हर असाच चालतो. काही सर्व्हरवर '/टेंप' नोएक्झेक असतं (तिथून काही चालवायला मनाई), तिथे अनसॅटिस्फाइड लिंक एरर येते. त्या ड्रायव्हरला टेंप फोल्डर बदलून देता येतं.

घाटमाथा
गारवेल, शेवंतींच्या या टेंपच्या गोष्टीवरून एक. तुम्ही एकच ईएक्सई करता म्हणालात. ती दर वेळी उघडताना सगळ्या डीएलएल टेंपमध्ये '_मेई'ने सुरू होणाऱ्या फोल्डरात उलगडते. उघडायला वेळ लागतो, अँटिव्हायरस संशय घेतो, आणि ॲप मध्येच मारलं गेलं तर ते फोल्डर मागे पडून राहतं. शाळेच्या जुन्या मशीनवर वनडीर पद्धतीने फोल्डर करून द्या आणि इनो सेटअपने इन्स्टॉलर बनवा. डीएलएल डोळ्यांना दिसतात, तपासायला सोपं जातं, आणि एलजीपीएलच्या दृष्टीनेही स्वच्छ.

लिनक्सवर दिलंत तर आणखी एक. पायइन्स्टॉलर तिथे 'एलडी_लायब्ररी_पाथ' (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग) आपल्या फोल्डरकडे वळवतो. ॲपमधून पीडीएफ दाखवायला बाहेरचा व्ह्यूअर उघडलात, तर तोही तुमच्याच लायब्ररी उचलतो आणि भलत्याच एररने कोसळतो. मूळ किंमत 'एलडी_लायब्ररी_पाथ_ओरिज'मध्ये जपलेली असते. व्ह्यूअर उघडण्याआधी ती परत लावा.

गारवेल
निकाल आला! रानजाई, तुम्ही म्हणालात तसंच. माझ्या लॅपटॉपवर ट्रू, शाळेत फॉल्स. पाथ पाहिला, तर एमएसवायएस२ चं बिन फोल्डर त्यात होतं. ते पाथमधून काढल्यावर माझ्याकडेही 'क्षितिज' फुटला. स्वतःच्या मशीनवर दोष दिसायला लागला तेव्हा केवढं हायसं वाटलं!

मग 'ॲड-बायनरी'ने लिबफ्रिबिडी-० ही डीएलएल सोबत घेतली आणि वनडीर बिल्ड केला. ती 'इंटर्नल' फोल्डरात जाऊन बसली आहे. शाळेत चालवलं : ट्रू. किरण, प्रज्ञा, ऋत्विक, क्षितिज सगळे आपापल्या रूपात. बाईंनी सगळ्या वर्गाची छापून घेतली.

शेवंती, यादीही सुरू केली आहे. आता एक शंका. दुसऱ्या एका शाळेच्या लॅबमध्ये ३२ बिट विंडोज ७ आहे. तिथे हेच पॅकेज चालेल का?

रानजाई
मस्त! विंडोज ७ वर हे पॅकेज चालणार नाही. पायथन ३.९ पासून विंडोज ७ चालत नाही, म्हणजे ३.८ वर थांबावं लागेल, आणि ३.८ साठीची शेवटची पिलो १०.४. पायइन्स्टॉलर ज्या पायथनमधून चालवाल त्याच जातीचा बिल्ड देतो, त्यामुळे ३२ बिट पायथन वेगळा बसवून त्यातून बिल्ड करा.

आणि फ्रिबिडीही ३२ बिटचीच घ्या. ६४ बिटची ठेवलीत तर एरवी एरर १९३ दिसते, पण इथे फ्रिबिडी लोड झाली नाही तरी पिलो गप्प बसते. फाइल फोल्डरात दिसेल, नाव बरोबर असेल, आणि नावं मात्र फुटलेली.

म्हणून ॲप सुरू होतानाच ती 'राक्म' तपासणी घाला आणि फॉल्स आलं तर छपाईचं बटणच बंद ठेवा. खाली मराठीत लिहा की मजकुराची लायब्ररी सापडली नाही, अमुक फोल्डर तपासा. फाइल आहे की नाही एवढं बघू नका, लोड झाली का ते विचारा.

कळफलक
आणि हे सगळं तपासायला विंडोज सँडबॉक्स वापरा, विंडोज १० च्या १९०३ पासून प्रो आवृत्तीत मिळतो. दर वेळी कोरी विंडोज उघडते, ना एमएसवायएस२, ना व्हिज्युअल स्टुडिओ. बिल्ड झाला की त्यात टाकायचा, 'प्रज्ञा किरण क्षितिज' छापायचं आणि मगच शाळेत न्यायचं.

गारवेल
तपासणी घातली, बटण बंद होतंय. सँडबॉक्सही चालू केला. रानजाई, घाटमाथा, शेवंती, कळफलक, मनापासून आभार.

उंबरठा
आमच्या बेळगावात प्रमाणपत्रावर नाव मराठीत आणि कन्नडमध्येही लागतं. हीच डीएलएल कन्नडलाही पुरेल का?

रानजाई
शेपिंगपुरती पुरेल काका, हार्फबझला कन्नड येतं. फॉन्ट मात्र वेगळा द्या. नोटो सान्स देवनागरीत कन्नड अक्षरं नाहीत आणि पिलो आपणहून दुसरा फॉन्ट शोधत नाही, सरळ चौकोन छापते. दोन ओळी दोन फॉन्टमध्ये स्वतंत्र काढायच्या, आणि तपासणीच्या नावांत 'ಕ್ಷ'सारखं एक कन्नड जोडाक्षरही ठेवायचं.